मुक्तद्वार



वाचनालय कशासाठी, असे विचारले म्हणजे ‘पुस्तकांसाठी’ हे उत्तर चटकन येते. परंतु पुस्तक तर घरी नेऊन वाचता येते. मग वाचनालयात टेबले आणि बाके कशाला मांडावयाची?

पुण्यात १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने जे वाचनालय निघाले, तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. पुढे ठाण्यास १८९३ मध्ये आणि मुंबईस १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली. १९६७ साली राज्याने ग्रंथालयांचा कायदा केला, अनुदानाची सोय झाली. तरी बहुतेक वाचनालयांचा कारभार आजही गावोगावची मंडळेच पाहतात. म्हणून जी चूक होते, तीही आपलीच असते.

अशीच एक चूक आमच्या हातून झाली, ती सांगतो. आम्ही एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर होतो. बैठकीत सूचना आली की, वर्तमानपत्रे आता लोक मोबाइलवर वाचतात. तेव्हा मुक्तद्वार विभागाची रस्त्यालगतची खोली दुकानाला भाड्याने द्यावी आणि त्या पैशात पुस्तके घ्यावी. हिशेब चोख होता. आम्हीही हात वर केला.

दुकान लागले, पुस्तकेही आली. महिन्याभराने सकाळी तेथून जात असता दुकानाच्या पायरीवर तिघे-चौघे बसलेले दिसले. त्यांत रात्रपाळी संपवून आलेला एक पहारेकरी होता. एक वृद्ध गृहस्थ होते; घरी बोलावयास कोणी नाही म्हणून ते रोज येत. एक भाजीवाली बँकेचा कागद हातात धरून उभी होती. पूर्वी असले कागद तिला खोलीत अभ्यासास बसणारी मुले वाचून दाखवीत. ती मुले आता येत नव्हती.

यांपैकी एकही वर्गणीदार नव्हता. आमच्या नोंदवहीत यांची नावेच नव्हती, म्हणून खोली रिकामी आहे असे आम्हांस वाटले. हात वर करण्यापूर्वी एक सकाळ तेथे जाऊन बसावे, हे कोणासच सुचले नाही.

श्रोतेहो, आपल्या गावच्या वाचनालयातही अशी सूचना आज ना उद्या येईल. तेव्हा नोंदवही मिटून त्या बाकावर तासभर जाऊन बसा, आणि मगच मत द्या, एवढीच विनंती.