परसातला बुडखा



झाड तोडलं की फांद्या चुलीत जातात, खोड गिरणीत जातं आणि मागे उरतो तो बुडखा. येता-जाता त्याला पाय ठेचकाळला की घरातलं कुणीतरी विचारतंच, ‘हा आणखी किती वर्षं असा राहणार?’

झाड कोणतं, यावर ते ठरतं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाच्या खुंट्या जमिनीत अर्ध्या पुरून ठेवतात आणि वाळवी-बुरशीपुढे त्या किती तग धरतात ते पाहतात. सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकल्या तर पहिला वर्ग, ६० महिन्यांच्या आत संपल्या तर तिसरा. साग पहिल्या वर्गात, आंबा आणि सावर तिसऱ्यात. बुडखा खुंटीपेक्षा कितीतरी जाड, त्यामुळे तो अधिक वर्षं काढतो. पण क्रम साधारण हाच. शिवाय सागाचा बुडखा पुष्कळदा मेलेलाच नसतो. पावसाळ्यात त्याला धुमारे फुटतात. त्यातला एखादा जोमदार राखला तर नवं झाड उभं राहतं. असा बुडखा उपटणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

कुंपणाचा जुना खांब कुठे मोडतो ते पाहिलंय? बरोबर जमिनीच्या पातळीला. बुरशीला ओलही लागते आणि हवाही, आणि दोन्ही तिथेच मिळतात. म्हणून बुडखा लवकर कुजवायचा असेल तर माथ्यावर खोल भोकं पाडा, शेणकाला ओता, वर माती-पाचोळा घालून ओल राखा. पेटवू मात्र नका. आग मुळांतून आतल्या आत धुमसत राहते. उलट तो टिकवायचा असेल तर कापून मातीपासून सोडवा, सावलीत वाळवा, दगडावर ठेवा. चिंचेचा असेल तर फारच उत्तम. खाटकाच्या दुकानातला ठोकळा बहुधा चिंचेचाच असतो, तो उगीच नाही.

माडाची गोष्ट मात्र वेगळी, आणि कोकणातल्या श्रोत्यांनी ती नीट ऐकावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर माड-पोफळी आडव्या झाल्या. माडाला धुमारे फुटत नाहीत. त्याचं खोड बाहेरून कठीण, आत भुसभुशीत. ते आतून कुजू लागलं की गेंड्या भुंगा त्यात अंडी घालतो. पांढरट, जाडजूड, अर्धगोल वळलेल्या अळ्या तिथेच पोसतात. पुढे भुंगे उडून शेजारच्या उभ्या माडाचा कोवळा कोंब पोखरतात. झावळी उलगडली की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते, तेव्हा कुठे मालकाला कळतं. कुजक्या बुडख्यात पक्षी-किडे नांदतात म्हणून तो राहू द्यावा, असं मी एरवी आवर्जून सांगतो. माडाच्या बाबतीत नाही सांगणार.

मग त्याचं करायचं काय? आतला भुसभुशीत गाभा पहारीने कोरून काढा. बाहेरची कठीण कड राहील, तीच कुंडी. तळाला पाणी निचरायला भोक ठेवा आणि माती भरून अळू लावा.

परसात माडाचा जुना बुडखा असेल तर या आठवड्यातच खणून पाहा. अळ्या सापडल्या तर वेचून मारा, आणि शेजारच्या बागायतदारालाही त्याचा बुडखा तपासायला सांगा.