मुक्या जिवाचे शेवटचे दिवस

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात विहारात झालेले भाषण)



काहींना वाटेल, विहारात कुत्र्या-मांजराचा विषय कशाला? पण सम्राट अशोकाने गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात दोन चिकित्सांची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे, एक माणसांची आणि दुसरी पशूंची. त्याच अशोकाच्या लेखांचे तुकडे आपल्या कोकणात सोपाऱ्याला सापडले. तेव्हा हा विषय परका नाही.

आपल्या दिवाळ्यात जेटी आहे, मासळी आहे, म्हणून मांजरांना तोटा नाही. दारात दहा-बारा वर्षे राखण केलेला कुत्राही असतो. तो म्हातारा झाला की आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच." इथेच आपली गफलत होते. म्हातारपण हा आजार नव्हे, आणि दुखणे हे म्हातारपण नव्हे. दुखण्यावर औषध असते.

मुका जीव दुखणे लपवतो, कारण दुबळ्यावर दुसरे प्राणी तुटून पडतात. म्हणून "ओरडत नाही म्हणजे दुखत नाही" असे धरू नका. कुत्रा उन्हातून आलेला नसताना धापा टाकतो, रात्री सारख्या जागा बदलतो, उठताना अडखळतो, एकच जागा चाटत बसतो, कधी नव्हे तो हात लावला की गुरगुरतो. मांजर खाटेखाली लपते, उंचावर उडी मारत नाही, अंग चाटून साफ करणे सोडते, केसांच्या गुठळ्या होतात. २०१९ साली कॅनडातल्या पशुवैद्यांनी मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणे ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यात कान, डोळे, तोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण या पाच गोष्टी बघतात. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे अर्धवट मिटलेले, मान खाली गेलेली, तर समजा की काहीतरी दुखतंय. आणि मांजर घुरघुरते म्हणजे सुखातच आहे असे नाही, दुखतानाही ते घुरघुरते.

आता एक गोष्ट माता-भगिनींनी नीट लक्षात ठेवावी. घरातली माणसाची गोळी देऊ नका. क्रोसिनमधले पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, थोडेसे दिले तरी त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. ब्रुफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड बिघडते. औषध पशुवैद्याचेच द्यावे.

बाकीची सेवा मात्र घरचीच, आणि तिला पैसा लागत नाही. गुळगुळीत लादीवर पाय घसरतो, तिथे गोणपाट टाका. जुन्या साडीची जाड घडी करून अंथरूण करा. उठता येत नसेल तर दिवसातून चार-सहा वेळा कूस बदला, नाहीतर अंगाला जखमा होतात. पाण्याची ताटली तोंडाजवळ ठेवा. भात किंचित कोमट, बिनमसाल्याचा, काटा काढलेला द्या, वासाने दोन घास जास्त जातात. शी-शू झाली तर लगेच पुसून कोरडे करा. पावसाळ्यात माशी बसली की जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही.

तरी एक दिवस प्रश्न उभा राहतो, आता पुढे काय? अमेरिकेतल्या डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी सात प्रश्न मांडले आहेत: दुखणे आटोक्यात आहे का? खातो का? पाणी पोटात जाते का? अंग स्वच्छ राहते का? आपल्याला बघून आनंद होतो का? हलता येते का? आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का? कॅलेंडरवर रोज चांगला-वाईट अशी खूण करा. महिन्याभराच्या खुणा बघितल्या की घरातल्यांना उमगते.

मग डॉक्टर इंजेक्शनचे विचारतात आणि आपल्याला पहिले शील आठवते. आपण रोज "पाणातिपाता वेरमणी" म्हणतो, मग हे चालेल का? यावर दुमत आहे, आणि मी निवाडा करायला उभा नाही. माझे म्हणणे एवढेच की, इंजेक्शन दिले नाही म्हणजे शील पाळले, असे समजून तळमळणारा जीव कोपऱ्यात पडू देणे ही करुणा नव्हे. नको असे ठरले तर शेवटच्या श्वासापर्यंत दुखणे कमी करण्याचे औषध चालू ठेवा. हो असे ठरले तर ते पशुवैद्याच्याच हातून होऊ द्या. त्यात आधी गुंगी येते, मग हृदय थांबते. त्या वेळी आपल्या माणसाचा हात त्याच्या अंगावर असू द्या.

पण पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येणे, हे कोणत्याच शीलात बसत नाही. उपाशी-तहानेले तडफडेल अशा ठिकाणी जनावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि आपली पोरं हे सगळं बघत असतात. म्हाताऱ्या कुत्र्याला आपण कसे वागवतो, त्यावरून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कसे वागवायचे ते ती शिकतात.



जय भीम! नमो बुद्धाय!