फरचे बी कोणत्या डोंगरातले?

थंड मुलुखात नाताळची झाडे लावणारा शेतकरी ‘कोणता फर लावू’ एवढे विचारून थांबत नाही. ‘बी कोणत्या डोंगरातले’ हेही तो विचारतो. जात एकच, मळा एकच, तरी एका डोंगराचे रोप डौलात वाढते आणि दुसऱ्याचे दर वसंतात करपते. झाड विक्रीजोगे व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. बी चुकले तर तेवढी वर्षे गेली.

सर्वांत थंड प्रदेशातले बी आणले की काम झाले, असे वाटणे साहजिक आहे. पण उत्तरेकडचा फर जानेवारीत झोपलेला असतो, उणे तीस अंशही सोसतो. घात होतो तो मे महिन्यात. कोवळे पोपटी कोंब फुटलेले असतात, एखाद्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली दोन-तीन अंश उतरतो आणि कोंब काळे पडून माना टाकतात. झाड जगते, पण त्याचा आकार जातो. आणि या शेतीत किंमत आकारालाच आहे.

सायबेरियातल्या फरला उन्हाळा तोकडा मिळतो, म्हणून जराशी ऊब लागताच तो जागा होतो. डेन्मार्कसारख्या समुद्रकाठच्या देशात थंडी जाते आणि पुन्हा परतते. तिथे हीच सवय त्याला भोवते. दक्षिणेतले बी फार उत्तरेला नेले तर उलटा प्रकार होतो. रात्र किती लांबली यावर झाड वाढ थांबवते. दक्षिणेच्या रोपाला हवी तेवढी लांब रात्र उत्तरेत उशिरा येते, तोवर थंडीने गाठलेले असते.

म्हणूनच मला अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियातले कनेन खोरे मोलाचे वाटते. ते सुमारे पावणेदहाशे मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेले आहे. रात्री जड, थंड हवा उतारांवरून तळाशी साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यातही साचलेल्या गार हवेचा हात असतो. कनेनमध्ये वसंत सरतासरताही पारा गोठणबिंदूखाली जातो. घाईने फुटणारी झाडे तिथे पिढ्यान्‌पिढ्या मागे पडली, उशिरा फुटणारी टिकली. तिथला हा फर म्हणजे बाल्सम फरचाच एक प्रकार. ओहायो-पेनसिल्व्हेनियातल्या सखल, दहिवर पडणाऱ्या मळ्यांत शेतकरी तो मुद्दाम लावतात.

युरोपात मान आहे नॉर्डमन फरला. त्याचे पुष्कळसे बी जॉर्जियातल्या राचा भागातून, अम्ब्रोलाउरीच्या जंगलांतून येते. तेही तुलनेने उशिरा फुटते. फरचे शंकू पिकले की झाडावरच विखरून जातात, त्यामुळे ते आधीच, सप्टेंबरच्या सुमारास, हातांनी तोडावे लागतात. माणसे तीस-तीस मीटर उंच झाडांवर चढतात. कित्येकदा कमरेला दोरही नसतो. नाताळच्या झाडाच्या किमतीत या जोखमीचा वाटा फार थोडा असतो, हे मला अन्यायाचे वाटते.

बियांचे हे उगमही सुरक्षित नाहीत. युरोपातून आलेल्या, माव्याच्या नात्यातल्या एका किडीने अमेरिकेतल्या अपॅलेशियन पर्वताच्या शिखरांवरचे फ्रेझर फर मोठ्या प्रमाणात मारले. १९५७मध्ये ती त्यांतल्याच माउंट मिचेल शिखरावर आढळली होती. आता कनेनच्या झाडांनाही ती ग्रासते, आणि नवी रोपे हरणे खातात. म्हणून तिथल्याच बियांची रोपे वाढवून, भोवती कुंपण घालून, ती पुन्हा त्याच खोऱ्यात लावली जात आहेत.