दहा सेकंदांचे कुतूहल
(मनमाड येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



वाहतुकीचा खोळंबा म्हणजे काय, हे मनमाडकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. पुणे-इंदूर महामार्ग गावातून जातो. पानेवाडीच्या तेलडेपोंचे टँकर आहेतच. नोव्हेंबर २०२३ मध्ये रेल्वेवरील जुन्या पुलाचा काही भाग ढासळला, तेव्हा वाहनांना लांबचा वळसा पडला. पूल ढासळल्यावर रस्ता अडावा, यात नवल नाही. नवल आहे ते दुसऱ्याच खोळंब्याचे. उलटलेली मालमोटार कडेला ओढलेली असते, रस्ता मोकळा असतो, तरी रांग लागते. समोरून येणाऱ्या, अपघाताशी काडीचाही संबंध नसलेल्या वाहनांचीसुद्धा!

थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७८ च्या आपल्या ग्रंथात या रांगेचा हिशेब मांडला. प्रत्येक चालक पाहण्यासाठी दहा सेकंद खर्च करतो. त्याच्यापुढे साठ वाहने असतील, तर तेथे पोचेपर्यंत त्याची दहा मिनिटे गेलेली असतात. एवढी किंमत मोजल्यावर न पाहता जाण्याइतका विरक्त कोण? तोही पाहतो आणि आपल्या दहा सेकंदांची पावती मागच्यांच्या नावे फाडतो. आधी विचारले असते, तर ‘कोणीच पाहू नये’ या करारावर साऱ्यांनी सही केली असती. पण रस्त्यावर असा करार करणार कोण? बाजाराचा अदृश्य हात येथे उपयोगी पडत नाही. आणि त्या मागच्यांत कधी रुग्णवाहिका असते.

मात्र आपल्याकडे केवळ कुतूहलाला दोष देणे अन्यायाचे होईल. जखमीला प्रथम उचलतो तो बहुधा पाहायला थांबलेला वाटसरूच. पोलीस आणि कोर्टाच्या फेऱ्यांच्या धास्तीने असे कित्येक हात मागे राहिले. मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक स्वरूप दिले. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात ते संरक्षण आले. हे किती चालकांना ठाऊक आहे? धास्ती उरते तोवर माणूस वेग कमी करतो, पाहतो आणि निघून जातो. म्हणजे मागच्यांचा वेळ गेला तो गेलाच, जखमीच्या हाती काही लागले नाही.

इंग्लंडच्या महामार्गांवर अपघाताभोवती पडदे उभारतात. आपल्या रस्त्यांवर पडदे नाहीत. एखाद्या धाब्यावरचा कामगार भट्टी सोडून धावत येतो, दोघांना जखमीपाशी थांबवतो आणि खांद्यावरचा पंचा हलवत बाकीच्यांना ओरडून पुढे काढतो. कोणीही न केलेल्या त्या कराराची अंमलबजावणी तेवढा वेळ तो एकटा करत असतो, बिनपगारी.