ज्वारीची वर्गणी



सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाने एक दिवसाचे मोफत औषधोपचार शिबिर भरवावे, अशी सूचना आली आहे. सूचना स्तुत्यच, परंतु तत्पूर्वी सेवाग्रामकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली तेथे स्थापिलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थानात नवे विद्यार्थी प्रथम बापूंच्या आश्रमात राहतात. मग प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेऊन पंधरा दिवस तेथेच मुक्काम करते व पुढेही तेथील कुटुंबांची विचारपूस करीत राहते.

विशेष मोलाची वाटते ती तेथील ज्वारीची वर्गणी. सुगीला गावकऱ्यांनी ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी, मजुराने कमी, शेतकऱ्याने अधिक. आणि आकस्मिक दुखण्यात कस्तुरबा रुग्णालयात विनामूल्य उपचार घ्यावेत, अशी ती योजना. त्या धान्याने रुग्णालय चालत नाही, हे कोणताही हिशेबनीस सांगेल. परंतु ज्वारी घातलेला माणूस दारात याचक म्हणून उभा राहत नाही. औषध न मिळाल्यास तो जाब विचारतो. शिबिरातल्या रुग्णास तो अधिकार कोठला? मांडव उतरला की डॉक्टरही गेले.

तेव्हा येथील वैद्यकीय महाविद्यालयाशी बोलून एकच वस्ती वर्षभर हाती घ्यावी, वस्तीची अल्प वर्गणी ठेवावी व तूट मंडळाने सोसावी, अशी विनंती आहे. खजिनदारांच्या कपाळावर आठ्या दिसू लागल्या आहेत, येथेच थांबतो.