अनुवादकाला सीमा सांगावी लागते



रायपुरात बोलायला उभं राहिल्यावर माधवराव सप्रे आठवतातच. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या या मराठी माणसाने समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. अनुवादक शब्दांचा क्रम बदलतो. अर्थ हलला नाही म्हणजे झालं. आपला कंपायलरही अनुवादकच. पण क्रम हाच जिथे अर्थ असतो, तिथे त्याने काय करावं? आज मला एवढ्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

हार्डवेअर ट्रान्झॅक्शनल मेमरीची कल्पना मॉरिस हर्लिही आणि एलियट मॉस यांनी १९९३ साली मांडली. सामायिक डेटाला लॉक न लावताच काम, म्हणजे ट्रान्झॅक्शन, सुरू करायचं. आत जे वाचलं-लिहिलं, त्या कॅश लाइनींवर प्रोसेसर नजर ठेवतो. मध्येच दुसऱ्या कोअरने त्यात ढवळाढवळ केली तर सगळं रद्द, नाही केली तर सगळं एकदम पक्कं.

आता एक खातं घ्या. शिल्लक २,००० रुपये. आपलं ट्रान्झॅक्शन शिल्लक वाचतं, ५०० वजा करतं, परत लिहितं. कंपायलरला वाटलं, हे वाचन जरा वर नेलं तर वेळ वाचेल, म्हणून त्याने ते ट्रान्झॅक्शन सुरू होण्याच्या आधी नेऊन ठेवलं. तेवढ्या फटीत दुसऱ्या कोअरने ३०० जमा केले. आपण मात्र रजिस्टरमधल्या जुन्या २,००० मधून ५०० काढले आणि १,५०० लिहून मोकळे झालो. प्रोसेसरला संघर्ष दिसलाच नाही, कारण वाचन त्याच्या पहाऱ्याबाहेर झालं होतं. ३०० रुपये गेले, आणि तक्रार करायला कुणी नाही.

अशी चूक शोधायला प्रिंट टाकावा, तर ती दडते. प्रिंटमुळे ऑपरेटिंग सिस्टिमला हाक जाते, ट्रान्झॅक्शन रद्द होतं, काम राखीव ठेवलेल्या लॉकच्या वाटेने होतं आणि हिशेब चोख जुळतो.

यात कंपायलरची लबाडी नाही. मूल्य अजून तेच आहे, हे तो डेटा फ्लो ॲनालिसिसने ठरवतो. आयआयटी मुंबईतले उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री कारकरे यांचं या विषयावरचं पुस्तक २००९ साली आलं, ते जरूर वाचा. एकाच धाग्यापुरतं पाहिलं तर कंपायलरचं गणित बरोबरच असतं. दुसरा कोअर त्या गणितात नसतो.

जीसीसी या कंपायलरच्या मॅन्युअलमध्ये पॉवरपीसी प्रोसेसरच्या प्रकरणात याची सरळ नोंद आहे. ट्रान्झॅक्शन सुरू आणि बंद करणाऱ्या सूचना हार्डवेअरच्या पातळीवर आवश्यक तो अडसर पाळतच होत्या. जीसीसीच्या जुन्या आवृत्त्या मात्र त्यांना मेमरी बॅरियर, म्हणजे वाचन-लेखन जिच्यापलीकडे हलवायचं नाही अशी सीमा, मानत नव्हत्या. पुढे ते सुधारलं, आणि आपला कंपायलर सुधारलेला आहे का हे कळावं म्हणून एक मॅक्रोही दिला. जुन्या कंपायलरवर बॅरियर आपणच घालायचा. मेमरी बदलू शकते, एवढंच सांगणारी ती रिकामी असेम्ब्लीची ओळ. तिच्यातून प्रोसेसरसाठी एकही सूचना निघत नाही, पण अनुवादक तिथे थांबतो.

कुणी म्हणेल, हे तंत्रच आता मावळतीला लागलंय. खरं आहे. इंटेलने २०१३ साली हॅसवेलमध्ये ते आणलं आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये दोष सापडल्यावर मायक्रोकोडने बंद केलं. नंतरच्या प्रोसेसरांवर सुरक्षेच्या भोकांपायी पुन्हा तीच पाळी आली. आयबीएमनेही पॉवर१० मधून ते काढलं. पण साधा लॉक घ्या किंवा ट्रान्झॅक्शन घ्या, सीमा दोघांनाही सांगावी लागते: प्रोसेसरलाही आणि कंपायलरलाही. एकाला सांगून दुसऱ्याने ऐकलं असं धरून चालणं, हीच आपल्या धंद्यातली जुनी खोड.

म्हणून एकच विनंती. घरी गेल्यावर आपल्या कोडमधला एक क्रिटिकल सेक्शन निवडा, ऑप्टिमायझेशन चालू ठेवून त्याची असेम्ब्ली काढा आणि पहिलं वाचन सीमेच्या आत आहे की बाहेर, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.