पावलांमागचे रसायन



हीरकमहोत्सवाच्या प्रसंगी शिक्षणाचा विचार होणे स्वाभाविक आहे. परंतु पाटी हाती येण्यापूर्वीच प्रत्येक मूल एक अवघड धडा गिरवून बसलेले असते, तो चालण्याचा. हा धडा मेंदू कसा शिकतो आणि क्वचित कसा गमावतो, हे समजून घेण्यासाठी जयपूरपासून आरंभ करणे उचित ठरेल.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर पंडित रामचंद्र शर्मा यांनी रबराचे एक कृत्रिम पाऊल घडविले. अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या आणि शेतातल्या चिखलात उतरणाऱ्या माणसाच्या गरजा ओळखून ते तयार झाले होते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते गोरगरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचविले. १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार लाभला आणि ‘जयपूर फूट’ हे नाव जगभर गेले.

पण पाऊल मिळाले, तरी चाल लगेच मिळत नाही. रबराचा तळवा जमिनीविषयी मेंदूला काहीच कळवीत नाही. उरलेल्या पायावर पडणारा दाब आणि कमरेची हालचाल यांवरून मेंदूला तोल नव्याने शिकावा लागतो. प्रौढ माणूस दांड्यांना धरून वर्षाच्या बालकासारखी पावले टाकू लागतो.

या शिक्षणात डोक्याच्या मागील भागातील लहान मेंदूचा वाटा मोठा असतो. योजलेली हालचाल आणि घडलेली हालचाल यांतील चूक टिपून पुढचे पाऊल सुधारणे, हे त्याचे काम. तेथील पर्किंजे पेशींमध्ये प्रोटीन कायनेज सी या विकराचा गॅमा हा प्रकार विपुल आढळतो. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा कण चढविणारे विकर. तो कण चढला की प्रथिनाचे वागणे बदलते. फॉस्फटेज नावाची विकरे तो उतरवितात. मानवी शरीरात अशी पाचशेहून अधिक कायनेजे आहेत. त्यांपैकी प्रोटीन कायनेज सी चा शोध जपानमधील कोबे येथे यासुतोमी निशिझुका यांनी १९७७ मध्ये लावला.

गॅमा प्रकाराचे कार्य उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. जन्मतः प्रत्येक पर्किंजे पेशीला आरोही तंतू नावाचे अनेक मज्जातंतू जोडलेले असतात. पहिल्या काही आठवड्यांत त्यांतील एकच टिकतो, बाकीचे गळून पडतात. १९९५ मध्ये असे दिसून आले, की हे विकर नसलेल्या उंदरांत जादा तंतूंपैकी अनेक तसेच राहतात आणि त्यांच्या हालचालीत सफाई येत नाही. म्हणजेच शिकण्यासाठी नवे जोडावे लागते, तसे अनावश्यक सोडावेही लागते.

याच विकराच्या जनुकातील दोषामुळे माणसाला आजार होतो, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सियाचा तो चौदावा प्रकार. काही रुग्णांत हे विकर नको तेव्हाही चालू राहते. पर्किंजे पेशी हळूहळू क्षीण होतात. बहुधा प्रौढ वयात चाल अडखळू लागते, बोलणे जड होते. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा दोष असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. आजार समूळ बरा करणारे औषध आज नाही. मात्र तोलाच्या नियमित व्यायामाने चाल सावरण्यास साहाय्य होते.

अशा रुग्णाला सर्वाधिक दुःख पुष्कळदा आजारापेक्षा समाजाच्या नजरेचे असते. झोकांडी गेली, की लोक त्याला मद्यपी ठरवितात. शाळेच्या पटांगणावर वारंवार पडणाऱ्या मुलालाही ‘धांदरट’ ही पदवी सहज बहाल होते. त्या मुलाला कोणताही आजार नसेल. त्याचा लहान मेंदू केवळ आपल्या गतीने शिकत असेल. क्वचित त्यामागे तपासण्याजोगे कारणही असू शकेल. विशेषतः पूर्वी जमणारी गोष्ट जमेनाशी झाली, तर पालकांनी वैद्यकीय सल्ला घेण्यास विलंब करू नये. दोन्ही प्रसंगी हसण्याने काहीच साधत नाही.

जयपूरच्या त्या रुग्णालयात पहिले पाऊल चुकले म्हणून कोणी कोणाला नापास केले नाही. तेथे दांडी होती, धीर देणारा हात होता आणि पुन्हा प्रयत्न करण्यास मुभा होती. साठ वर्षे मुलांना हात धरून चालविणाऱ्या या शाळेला त्याहून निराळे काय सांगावे? पडणाऱ्याला सावरणारा तो हात पुढील पिढ्यांनाही येथे लाभत राहो.